३२ बोअरचे पहिले रिव्हॉल्व्हर : निवड, दुकान आणि चार वर्षांचा सांभाळ

दुकानदाराने कपाटातून रिव्हॉल्व्हर काढले, नळी जमिनीकडे वळवली, वरची कळ दाबून ते मधोमध मोडले, म्हणजे बिजागरीवर उघडले, चक्रातली काडतुसांची सहाही रिकामी घरे मला दाखवली, प्रत्येक घरावरून करंगळी फिरवली आणि मग ते तसेच मोडलेल्या अवस्थेत माझ्या हातात दिले. मी ते घेतले आणि चित्रपट पाहून पाहून हाताला लागलेल्या सवयीने खटकन बंद केले. त्यांनी शांतपणे ते परत घेतले आणि म्हणाले, "साहेब, बंद करा असं मी म्हटलं नव्हतं." त्या दिवशी पुण्याच्या कँपातल्या त्या दुकानातून मी काहीही विकत न घेता परतलो, पण खरेदी याच दुकानातून करायची हे जिन्यावरून उतरतानाच ठरले होते.

आमचा रविवार पेठेत सराफीचा व्यवसाय आहे. माल घेऊन मुंबईला ये-जा करावी लागते आणि आमच्या घरात तीन पिढ्या कोणीही शस्त्र बाळगलेले नाही. मुंबईच्या वाटेवर सलग दोनदा कोणीतरी आमच्या गाडीचा पाठलाग केल्यानंतर मी परवान्यासाठी अर्ज केला. शस्त्रांची आवड किंवा हौस हे त्यामागचे कारण नव्हते आणि आजही नाही. पुणे शहराच्या हद्दीत परवाना देण्याचा अधिकार पोलिस आयुक्तांचा असतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचा, आणि २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय वेगळे झाल्यापासून तिकडच्या रहिवाशांनी तिथे अर्ज करायचा असतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते, स्थानिक पोलिस ठाण्याकडून पडताळणी होते, सुरक्षेच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते आणि शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी लेखी द्यावी लागते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आणि एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मुभा उरली. या प्रक्रियेबद्दल माझी तक्रार नाही. चौकीतल्या अंमलदारांनी शेजाऱ्यांकडे माझ्या स्वभावाची, भांडणांची आणि पिण्याची चौकशी केली, याचा तेव्हा थोडा राग आला होता, पण शेजारच्या फ्लॅटमध्ये उद्या कोणी शस्त्र आणणार असेल तर त्याच्याबद्दल मलाही हेच प्रश्न विचारले जावेत असे वाटेल.

निवडीचा मोठा भाग कायदा आपल्यासाठी आधीच उरकून ठेवतो. लष्कराकडे आणि पोलिसांकडे दिसणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल, तसेच ३८ आणि ४५ बोअरची हत्यारे (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत) ही सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयातही बंद आहे, त्यामुळे बाजारात फिरणारी जुनी विलायती पिस्तुले त्यांच्या वयाशी आणि झिजेशी कसलाही संबंध नसलेल्या किमतींना विकली जातात. पहिल्यांदा शस्त्र घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या हत्याराची कमान (स्प्रिंग) किती थकली आहे, हे नवख्याला कळत नाही आणि सुटे भाग मिळत नाहीत.

मग उरते ती देशी बनावटीची ३२ बोअरची हत्यारे. यांतील रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही 'बत्तीस बोअर' म्हणूनच ओळखली जातात, पण त्यांची काडतुसे वेगळी असतात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस २३ मिलिमीटर लांबीच्या पितळी नळीचे असते, तर पिस्तुलाचे १७ मिलिमीटरचे, आणि एकाचे दुसऱ्यात चालत नाही. माझ्याबरोबर दुकानात उभे असलेल्या एका गृहस्थांनी, भावाकडे रिव्हॉल्व्हर आहे म्हणून 'काडतुसे सामाईक वापरू' या हिशेबाने पिस्तूल पसंत केले होते. मुळात एकाच्या परवान्यावरची काडतुसे दुसऱ्याने वापरणेच बेकायदा आहे, हे दुकानदाराने त्यांना आधी सांगितले आणि लांबीचा फरक नंतर दाखवला, हा क्रम मला आवडला. एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील, हे परवान्यावरच लिहिलेले असते आणि प्रत्येक खरेदीची नोंद त्यावर होते. पुणेकराला एक गोष्ट सांगायला हरकत नाही : माझ्या डब्यातल्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरे कोरलेली आहेत. ती १८६९ पासून चालू असलेल्या आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण.

मी २०२१ मध्ये खरेदी केली तेव्हा समोर ठेवलेल्या पर्यायांत 'अशनी' पिस्तूल होते, कानपूरचे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर होते आणि जुन्या धाटणीची, मोडून भरायची दोन रिव्हॉल्व्हरे होती. 'प्रबल' हे कानपूरचेच, चक्र बाजूला उघडणारे आणि ७६ मिलिमीटर नळीचे रिव्हॉल्व्हर ऑगस्ट २०२३ मध्ये बाजारात आले, त्यामुळे माझ्या निवडीच्या वेळी ते नव्हते. आज घ्यायचे असते तर ते हातात धरून पाहिल्याशिवाय मी निर्णय केला नसता.

'निर्भीक'बद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या पत्नीसह अनेकांचा पहिला कल तिकडेच जातो. २०१४ च्या जानेवारीत ते आले तेव्हा महिलांसाठीचे हलके रिव्हॉल्व्हर म्हणून त्याची जाहिरात झाली, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये होती आणि वजन सुमारे अर्धा किलो. पर्समध्ये मावणारे, हलके, देखणे. पण हलकेपणाचा हिशेब नवख्या माणसाला उलटा पडतो. काडतूस तेच असेल तर हत्यार जितके हलके तितका हाताला बसणारा धक्का जास्त, आणि पहिल्या गोळीनंतर नळी जितकी वर उडते तितकी दुसऱ्या गोळीची दिशा बेभरवशाची होते. ज्याला वर्षातून मोजक्याच गोळ्या झाडायला मिळणार आहेत, त्याने सातशे ग्रॅमच्या आसपासचे हत्यार घ्यावे, या मतापर्यंत मी आलो. शस्त्र रोज कमरेला बाळगावे लागणाऱ्याचे मत वेगळे असू शकेल.

पिस्तूल मी नाकारले त्याचे कारण मात्र मला आजही निर्विवाद वाटते. पिस्तुलाचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढली की हत्यार रिकामे झाले असा समज होतो, पण नळीच्या मागच्या घरात एक काडतूस चढलेले असू शकते आणि ते बाहेरून चटकन दिसत नाही. 'रिकामे आहे' असे म्हणत चाप ओढल्याने होणारे अपघात बहुधा असेच होतात. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही शंकाच राहत नाही. ते मोडले की सहाही घरे डोळ्यांसमोर येतात आणि आतली काडतुसे उचलून बाहेर ढकलली जातात. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, चष्मा नसतानाही बोटाने चाचपून खात्री करता येते. गोळ्या सहाच, भरायला वेळ लागतो, आकाराने जाड; हे तिन्ही दोष मी समजून-उमजून पत्करले.

मी घेतलेला नग कोणत्या कारखान्याचा हे सांगत नाही, कारण एका नगावरून कारखान्याची परीक्षा करणे अन्यायाचे होईल. रिव्हॉल्व्हर मजबूत आहे, चार वर्षांत एकही काडतूस वाया गेलेले नाही, कळ आजही घट्ट बसते. पण मुठीच्या दोन फळ्यांमधला सांधा हाताला टोचत होता, तो बारीक पॉलिश कागदाने मला घासून घ्यावा लागला. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी काळ्यावर काळी असल्याने संध्याकाळच्या उजेडात दिसतच नाही. चाप विलक्षण जड आहे. घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) आधी मागे ओढून ठेवला तर चाप हलका होतो आणि नेम बरा लागतो, परंतु घोडा न ओढता सरळ चाप दाबला तर ओढण्याच्या त्या लांब प्रवासात नळी हमखास उजवीकडे सरकते. पहिल्या दिवशी दहा मीटरवरच्या कागदावर मी सहा गोळ्या झाडल्या. त्यांपैकी दोन कागदाला लागल्या आणि दोन्ही कडेला. तरीही जड चाप हा दोष मानायला मी तयार नाही. ज्या घरात मूल आहे त्या घरात तो थोडाफार उपयोगीच पडेल. मात्र चाप जड आहे म्हणून शस्त्र बाहेर ठेवायची सवलत कोणी घेऊ नये.

दुकानाबद्दल. जागा अरुंद आहे, पार्किंग नाही, दुपारी एक ते चार बंद असते, आणि या शेवटच्या बाबीत ते पूर्णपणे पुणेरी आहे. परवाना पाहिल्याशिवाय हत्यार कपाटातून बाहेर येत नाही, मित्रमंडळींना आत घेत नाहीत, मोबाइलवर फोटो काढू देत नाहीत. एक तरुण ग्राहक आरशासमोर रिव्हॉल्व्हर धरून उभा राहिला, तेव्हा त्याला त्यांनी हत्यार खाली ठेवायला लावले आणि चहा पाजून परत पाठवले. विक्रीपेक्षा हे वागणे मला मोलाचे वाटले. परंतु सोबतच्या वस्तूंच्या बाबतीत या दुकानाचा सल्ला मला भोवला. त्यांनी चामड्याचे एक सुबक म्यान दिले आणि 'घरातही यातच ठेवा' असे सांगितले. पुण्याच्या पावसाळ्यात चामडे ओल धरून ठेवते. जुलैअखेर म्यान उघडले तर चक्राच्या कडेवर तांबूस ठिपके आले होते. आता म्यान फक्त प्रवासापुरते असते. घरात रिव्हॉल्व्हर तेलाचा हलका हात दिलेल्या सुती कापडात, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसह ठेवतो. हाताळून झाल्यावर प्रत्येक वेळी पुसतो, कारण घामाच्या बोटांचे ठसेसुद्धा गंज धरतात. चक्राच्या घरांत मात्र तेल साचू द्यायचे नाही, ते काडतुसाच्या बुडाशी झिरपले तर ऐन वेळी काडतूस दगा देऊ शकते.

दुसरी चूक दुकानाची कमी आणि माझी जास्त. हत्यारावर लाखाच्या वर खर्च केल्यावर लॉकरसाठी मी चार हजारांचा, हॉटेलच्या खोल्यांत असतो तसला, आकड्यांच्या बटणांचा डबा घेतला. तो भिंतीला न ठोकता कपड्यांच्या कपाटात नुसता ठेवला होता. एका रात्री त्याची बॅटरी संपली. आणीबाणीची चावी कुठे ठेवली हे मला आठवेना, आणि आमच्या अकरा वर्षांच्या मुलीने "बाबा, ती देवघराच्या खणात आहे," असे सहज सांगितले. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. ज्या डब्याची चावी मुलीला माहीत आहे आणि जो डबा चोराला काखेत मारून नेता येतो, त्याला लॉकर म्हणायचे कशासाठी? दुसऱ्याच आठवड्यात जाड पत्र्याची, आतून चार खिळ्यांनी आरसीसीच्या खांबाला जखडलेली, किल्लीची तिजोरी बसवून घेतली. रिव्हॉल्व्हर त्यात राहते. काडतुसे वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या माझ्याजवळच असतात, पत्नीजवळही नाहीत, कारण परवाना माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ज्यांना पहिले शस्त्र घ्यायचे आहे त्यांनी तिजोरी आधी बसवावी आणि तिचे पैसे देऊन उरलेल्या रकमेत हत्यार निवडावे.

सरावाच्या बाबतीत पुणे भाग्यवान आहे, पण अपेक्षा ठेवतो त्या अर्थाने नव्हे. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीची उत्तम सोय आहे, गगन नारंगच्या अकादमीची सुरुवातही तिथेच झाली, आणि २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळेमुळे आता रायफल खांद्याला लावलेली शाळकरी मुले तिथे पाहायला मिळतात. तिथला खेळ मात्र वेगळा, शिस्त वेगळी आणि हत्यारेही वेगळी. स्वसंरक्षणाचे रिव्हॉल्व्हर घेऊन तिथे जाता येईल असे कोणी समजू नये. मी एअर पिस्तूल शिकलो. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, दहा मीटर अंतर, आणि ज्यावर पूर्ण दहा गुण मिळतात ते वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे जवळजवळ शर्टाच्या बटणाएवढे. २० जूलपर्यंतच्या शक्तीच्या अशा एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि छर्रे स्वस्त असतात. प्रशिक्षक बाईंनी पहिले तीन आठवडे मला एकही छर्रा झाडू दिला नाही. उभे राहणे, श्वास, आणि नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, पिस्तुलाच्या अंगावर सरळ ठेवणे, एवढेच. हे बोट बाहेर ठेवण्याचे वळण आता माझ्या हाताला इतके लागले आहे की पाण्याचा पाइप किंवा ड्रिल मशीन उचललं तरी ते आपोआप सरळ होते, आणि घरचे हसतात.

त्या बाईंनीच आणखी एक सवय लावली : गोळी नेमावर लागली नाही तर ती कुठे जाईल, हे आधी पाहायचे. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हे पाहायला मी एका रविवारी हॉलमध्ये उभा राहिलो. समोर लाकडी दार, पलीकडे जिना. डावीकडे मुलीची खोली. उजवीकडची भिंत शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराला लागून. लाकडी दार गोळी अडवत नाही. या घरात सुरक्षितपणे गोळी झाडता येईल अशी एकच दिशा निघाली, तीही बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीची. रात्री दार वाजले तर आधी दिवे लावायचे, आतून कडी घट्ट करायची आणि ११२ ला फोन करायचा, हे त्या दिवशी ठरले. तिजोरी उघडणे या यादीत येतच नाही. माझे रिव्हॉल्व्हर प्रवासासाठी आहे.

खंडेनवमीला ते बाहेर निघते. तराजू, वजने, सोने वितळवायच्या मुशी यांच्याबरोबर पाटावर ते मोडलेल्या अवस्थेत ठेवतो, हळदकुंकू धातूला न लावता शेजारच्या सुपारीला वाहतो आणि आरती झाली की परत तिजोरीत. पहिल्या वर्षी पुतण्याने पाटाचा फोटो काढून स्टेटसला टाकला होता, तो मी त्याला काढायला लावला. घरात शस्त्र आहे हे गावभर करणे म्हणजे चोराला पत्ता देणे. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडण्याबद्दल तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, हे मी त्याला त्याच वेळी सांगून टाकले, कारण त्याचे लग्न ठरत होते.

दुकानाची सगळ्यात उपयोगी सेवा मला तिसऱ्या वर्षी कळली. माझे मेहुणे धंद्यात बुडाले आणि काही महिने आमच्याकडे राहायला आले. ते फार कमी बोलत, जेवणावरून अर्धे उठत, रात्री गॅलरीत बसून राहत. घरात बंदूक असेल तर आत्महत्येचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे; मनातले वादळ पुष्कळदा काही वेळाने ओसरते, पण बंदुकीपुढे तेवढा वेळ मिळत नाही. तिजोरी मजबूत होती, किल्ल्या माझ्याकडे होत्या. तरीही मला झोप लागेना. दुकानदारांना फोन केला, त्यांनी कारण विचारले नाही. त्यांच्याकडे सुरक्षित ताब्यात शस्त्र ठेवून घेण्याचा परवाना आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे मोजून घेतली, क्रमांक परवान्याशी ताडून पाहिला, पावती दिली आणि महिन्याचे जे शुल्क सांगितले ते एका चांगल्या जेवणाहून कमी होते. मेहुण्यांना आम्ही डॉक्टरांकडे नेले. आता ते बरे आहेत आणि नाशिकला परतले आहेत. रिव्हॉल्व्हर त्यानंतरही दोन महिने दुकानातच होते, कारण मला आणायची घाई वाटली नाही. कोणत्याही शस्त्राच्या दुकानात पाऊल टाकल्यावर किंमत विचारण्याआधी ही सोय आहे का ते विचारावे.

निवडणुकीच्या काळात शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला की तोही असाच पाळावा. २०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला असे दोनदा मी जमा केले. जमा करताना पावतीवर हत्याराचा क्रमांक आणि त्याची स्थिती लिहून घ्यावी आणि तेलाचे कापड सोबत द्यावे. पहिल्यांदा मी ते दिले नव्हते.

पुढच्या वर्षी नूतनीकरण आहे, आणि त्याच्या निमित्ताने एक राहून गेलेले काम नुकतेच केले. उद्या माझे काही बरेवाईट झाले तर हे हत्यार घरात परवान्याशिवाय पडून राहील, आणि पत्नीला त्याचे काय करायचे हे ठाऊक नसेल. म्हणून एका कागदावर लिहून ठेवले आहे : तिजोरी स्वतः उघडू नये, जवळच्या पोलिस ठाण्यात कळवावे, नंतर दुकानदारांना फोन करावा, हत्यार जमा करून पावती घ्यावी, विकायचे की नाही ते सावकाश ठरवावे. कागदावर दुकानाचा नंबर, परवान्याचा क्रमांक आणि रिव्हॉल्व्हरचा क्रमांक आहे. पत्नीने तो वाचला आणि विम्याच्या कागदांच्या कप्प्यात, डॉक्टरांच्या फाइलमागे ठेवून दिला.